टेबलावरचा पेला

३ जानेवारी, मंगळवार

आजपासून पुन्हा अंधारकोठडी! तळघरातली ती खिडकी नसलेली खोली, एक खुर्ची, एक पडदा, कानांवर हेडफोन. बाईंनी – म्हणजे आमच्या अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी – किल्ली हातात दिली आणि सगळे नियम पुन्हा एकदा म्हणून घेतले. जशी काही मी पहिलीतली पोर! एक क्लिप दोनदाच बघायची. आधीच्या क्लिपचे गुण पुन्हा उघडायचे नाहीत. मुलांबद्दल कुणाशी बोलायचं नाही. घरी काही लिहून न्यायचं नाही.

(हे मी घरीच लिहितेय. असो. वहीत कुणाचं नाव नाही, नंबर नाही. आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला जेवण जात नाही.)

अठ्ठेचाळीस मुलं. सगळ्यांचा आजार एकच – लहान मेंदू हळूहळू काम सोडतो. तोल जातो, हात थरथरतात, बोलणं जड होतं. निम्म्या मुलांना खरं औषध, निम्म्यांना साधं सरबत. बाटली सारखी, रंग सारखा, वास सारखा. कुणाला काय मिळतंय हे मुलांना ठाऊक नाही, आईबापांना नाही, बाईंना नाही, मला तर नाहीच. ती यादी कुठल्याशा कपाटात बंद पाकिटांत आहे. दर तीन महिन्यांनी मुलांचं चित्रीकरण होतं – रेषेवर चाल, पाय जुळवून उभा राहा, बोट नाकाला लाव, एक वाक्य म्हण. अशी आठ कामं, प्रत्येकाला पाच गुण. गुण जितके जास्त तितकं मूल ठीक. क्लिपा पत्त्यांसारख्या पिसून माझ्याकडे येतात, आणि दुसऱ्या गावातल्या एका गृहस्थांकडे, ज्यांचं मी तोंडही पाहिलेलं नाही. दोघांच्या गुणांची सरासरी धरायची. ही शेवटची फेरी. मग पाकिटं उघडणार, आणि कळणार – औषध काम करतं की नाही.

एकवीस वर्षं फिजिओथेरपी केली. मूल दारातून आत आलं की तिसऱ्या पावलाला मी सांगते काय बिनसलंय. बाईंनी मला घेतलं ते या नजरेसाठी. तेवढा गर्व मला आहे. असू दे.

४ जानेवारी, बुधवार

चौदा क्लिपा. मान कामातून गेली.

९ जानेवारी, सोमवार

मुलांची नावं मला माहीत नसतात, म्हणून मीच ठेवते. 'वकील' – प्रत्येक सूचनेवर "का?" विचारतो. 'मामलेदार' – पोट पुढे काढून चालतो, तोल सांभाळायचा त्याचा तो मार्ग. आणि 'कॅप्टन'. सात-आठ वर्षांची असेल. प्रत्येक काम झालं की कॅमेऱ्याकडे बघून कडक सलाम ठोकते. हात कपाळाला लागण्याआधी दोनदा चुकतो, पण सलाम पुरा झाल्याशिवाय पुढचं काम नाही! हेडफोन लावून एकटीच हसले आज.

मधूनमधून तपासणीच्या क्लिपाही येतात. आधी बघितलेल्यातलीच एखादी क्लिप आरशातल्यासारखी उलटी करून, कमरेच्या वरचा भाग कापून, आवाज बंद करून पुन्हा दाखवतात. मूल ओळखू येऊ नये आणि आमची नजर दोन्ही वेळा तेच बघते का ते कळावं म्हणून. मला कसली भीती! माझे गुण आजवर एकापेक्षा जास्त कधी हललेले नाहीत.

१५ जानेवारी, रविवार

ताईकडे गेले होते.

ताईच्या लेकीला 'बटण' हे नाव माझंच. दीड वर्षाची असताना मांडीवर बसून माझ्या शर्टाची सगळी बटणं काढायची आणि परत लावायची, जीभ बाहेर काढून. आज स्वतःचा स्वेटर घालत होती. एक बटण लावायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मोजलं नाही असं म्हणतेय, पण चार मिनिटं लागली. ताई मागे हात बांधून उभी. मदत करायची नाही हे तिला मीच शिकवलंय. तिची बोटं मागे एकमेकांत अडकून पांढरी पडली होती.

"मावशी, मी हळू बोलते ना, म्हणून लोक नीट ऐकतात," बटण म्हणाली. एवढं म्हणायला तिला खूप वेळ लागला. मी नीट ऐकलं.

अभ्यासात दहा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतली. तेव्हा बटणला दहा वर्षं होऊन सोळा दिवस झाले होते. "सोळाच दिवस गं, तू सांग ना कुणाला तरी तिथे," ताई तेव्हा म्हणाली होती. मी तिला नियम ऐकवले होते, बाईंच्या आवाजात.

माझ्या नेमणुकीच्या फॉर्मवर प्रश्न होता – अभ्यासातलं कुणी मूल तुमच्या नात्यातलं आहे का? मी 'नाही' लिहिलं. खरंच आहे ते. अभ्यासात नाहीच आहे ती. तोच आजार घरात आहे का, असं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे औषध पास झालं तर बटणला मिळेल. नाही झालं तर दुसरं काही रांगेत नाही. एवढं साधं आहे ते.

२४ जानेवारी, मंगळवार

कॅन्टीनमध्ये कॅमेरावाली सिस्टर समोर येऊन बसली. बिचारी दिवसभर मुलांमागे पळते. म्हणाली, "या फेरीला चित्रीकरणाच्या खोलीतच टेबल ठेवलंय, मॅडम. सकाळचा डोस घेतला की काही पोरं नुसती घटाघटा पाणी पितात! सारखी बाहेर कूलरकडे पळायची, काम थांबायचं. आता ज्याला लागतं त्याचा पेला टेबलावरच."

मी म्हटलं, "काही? सगळी नाही?"

"छे. ठरलेली पोरं आहेत. बाकीची बघतही नाहीत पाण्याकडे."

तिनं सहज सांगितलं आणि चहा संपवून निघून गेली. माझा चहा तसाच राहिला. कारण मला एक गोष्ट माहीत आहे – औषध मुळात कडूजहर आहे. सुरुवातीच्या बैठकीत बाई म्हणाल्या होत्या, चव झाकण्यासाठी किती खटपट करावी लागली ते.

कडू लागलं की मूल पाणी पितं.

२५ जानेवारी, बुधवार

आज पेले मोजले. मोजायचे नव्हते. मोजले.

२६ जानेवारी, गुरुवार

हे बाईंना सांगायला हवं. सिस्टरचं टेबल हलवायला हवं, कॅमेरा वळवायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे.

उद्या सांगते.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही. आधी म्हटलं, माझा अंदाजच आहे, उगाच कशाला राईचा पर्वत करा. मग म्हटलं, मी काय पेल्याला गुण देतेय का? मी चालीला गुण देते.

आज कॅप्टन आली, नव्या क्लिपमध्ये. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी, आणि त्या पट्टीवर पेनानं डोळे-नाक-तोंड काढलेलं! सिस्टरनं विचारलं, "हा कोण?" तर म्हणते, "हा शि... शिपाई." टेबलावर पेला होता. अर्धा रिकामा. रेषेवर चालताना पाचव्या पावलाला डगमगली, पण सावरली – छान सावरली! चालणं, उभं राहणं, वळणं, या तीन कामांना पंधरापैकी बारा दिले. गेल्या फेरीपेक्षा नक्कीच बरी आहे. मी मोठ्यानं "शाब्बास" म्हणाले. रिकाम्या खोलीत.

एकूणात पेलावाली मुलं बाकीच्यांपेक्षा बरी दिसतायत. थोडीच, पण बरी. म्हणजे चालतंय! चालतंय औषध! ताईला मिठी मारावीशी वाटली.

१२ फेब्रुवारी, रविवार

मी काय केलं आज!

ताई भांडी पुसत होती. बटण आतल्या खोलीत. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "शाळेनं विचारलंय. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, हिला खालच्या तुकडीत घालायचं का? मैत्रिणी सुटतील, ही रडतेय." मग म्हणाली, "एकदा खाली आणलं की ती परत वर जाणार नाही गं. मला माहितीये."

मी गप्प राहायला हवं होतं. मी म्हणाले, "ताई, मला काही सांगता येत नाही. पण... धीर धर. जरा थांब. आशा आहे."

तिनं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं आणि हसली. गेल्या दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

जिभेला हाड नाही मला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

'आकडेमोड्या' आला होता – अभ्यासाचा गणिती. बारीक, चष्म्याआडून बघणारा, पेन दातात. याच्याकडे आमचे दोघांचे गुण जातात. म्हणाला, "तुमच्यात आणि त्या दुसऱ्या गृहस्थांत पूर्वी छान जमायचं. या फेरीला काही मुलांबाबत चार-पाच गुणांचा फरक पडतोय. तुम्ही जरा उदार झालायत, किंवा ते कंजूस झालेत."

"काही मुलांबाबत?"

"बावीस मुलं."

त्या दिवसापासून मी रोज पेले मोजत आले होते. बावीस.

तो गेल्यावर जिन्यातच बसले. रेषेवर चालायला सांगितलं असतं तर मला आज किती गुण मिळाले असते कोण जाणे.

८ मार्च, बुधवार

ताईचा फोन. खुशीत. शाळेला कळवलंय की वर्ग बदलायचा नाही. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," असं मुख्याध्यापिकेला सांगून आली. दोन-तीन महिने हे तिनं कुठून काढलं? मी तर आकडा दिला नव्हता. मी नुसती 'आशा' दिली होती.

"ताई, वर्ग बदल," मी म्हणाले.

"का?"

'का'चं उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. फोन ठेवला.

१७ मार्च, शुक्रवार

तपासणीची क्लिप आली आज. कमरेखालचे पाय, उलटे केलेले, आवाज नाही. नुसते दोन बारीक पाय रेषेवर. पेला नाही, चेहरा नाही, सलाम नाही. नेहमीसारखी बघितली, दोनदा. तिसऱ्या पावलापासूनच तोल गेलेला. पाचव्याला मूल जवळजवळ पडलंच असतं – सिस्टरचा हात आला. उभं राहताना पाय फाकलेले. गुण भरले: पंधरापैकी सात. साफ, सरळ सात. शंका नाही.

गुण भरेपर्यंत क्लिप पुढे चालूच राहिली होती; बंद करणार तेवढ्यात मूल कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलं. अंगठा दिसला. पट्टी. पट्टीवर डोळे, नाक, तोंड.

शिपाई.

घरी येऊन ही वही उघडली. २ फेब्रुवारी – 'डगमगली, पण सावरली – छान सावरली!' बारा. तेच पाय. तेच पाचवं पाऊल. तो सावरणारा हात सिस्टरचा होता, आणि मला तो दिसलाच नव्हता! एकवीस वर्षांची नजर म्हणे.

आता खरं ते लिहिते. वहीशी तरी खोटं नको. क्लिप मी लगेच बंद केली नाही. सात अजून पाठवलेले नव्हते. सात खोडले आणि अकरा लिहिले – बारापासून एकाचाच फरक. मग पाठवले.

१८ मार्च, शनिवार

फेब्रुवारीतलं ते नकळत झालं होतं. कालचं नाही.

२१ मार्च, मंगळवार

बटण शाळेच्या जिन्यावरून पडली. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना. उजवं मनगट मोडलं.

मी पोचले तेव्हा प्लास्टर सुकत होतं. बटण म्हणाली, "मावशी, आता बटणं लावायला नकोत. सुट्टी!" ताई हसली नाही. मेहुण्यांना सांगत होती, "थोडेच दिवस राहिलेत, मग औषध मिळेल, पडणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.

२३ मार्च, गुरुवार

कामाला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

सगळं समोर मांडून बघितलं. सांगितलं तर माझे या फेरीचे सगळे गुण बाद. राहतील त्या दुसऱ्या गृहस्थांचे, आणि त्यांना पेलावाल्या मुलांत काहीच सुधारणा दिसत नाहीये – चार-पाच गुणांचा फरक आहे तो हाच. म्हणजे आत्ता हे औषध उभं आहे ते माझ्या गुणांच्या टेकूवर. मी टेकू काढला की कोसळलं. औषध नापास. बटणला काही नाही. कुणालाच काही नाही.

न सांगितलं तर? औषध पास होईल. ताई हसेल. बटण रोज सकाळी ती बाटली उघडेल, आणि मी तिच्याकडे बघून सांगत राहीन, छान सावरतेस हां! आणि ती पडत राहील. दुसऱ्यांची पोरं पण. मग कुणी नवं औषध शोधणार नाही, कारण हे 'चालतं' ना!

माझी भाची सोडली तर या जगात मला कुणी एवढं प्रिय नाही. म्हणून तर झालं हे सगळं.

२७ मार्च, सोमवार

सांगितलं.

बाईंच्या खोलीत नऊला गेले. त्या कागदांवर सह्या करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बोला." मी उभी राहूनच बोलले. पेला, सिस्टरचं बोलणं, कॅन्टीन. बारा. सात. खोडून अकरा. सह्या करायच्या थांबल्या त्या.

"नऊ आठवडे तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"आणि सिस्टरला दोष नाही, तिला काही कळलेलं नाही?"

"नाही. तिनं नुसती पोरांची तहान भागवली."

मग बटणचं सांगितलं. तोच आजार. अकरा वर्षांची. ताईला काय बोलून बसले तेही. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी घाईनं म्हणाले, "फॉर्मवर 'अभ्यासातलं मूल' असं विचारलं होतं, म्हणून मी –"

"मी फॉर्मबद्दल विचारत नाहीये!" बाईंचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अठ्ठेचाळीस घरं वर्षभर रोज सकाळी ही बाटली पोरांच्या गळी उतरवतायत. का? आम्ही खरं बघू म्हणून!"

मी रडले. त्या पाण्याचा ग्लास पुढे करणार होत्या, अर्ध्यात हात मागे घेतला. दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. कुणी हसलं नाही.

"सगळं लेखी द्या. तारखांसकट."

तारखा या वहीत होत्या. २४ जानेवारीपासून १८ मार्चपर्यंतची पानं फाडून दिली. अंधारकोठडीची किल्ली टेबलावर ठेवली. पानं नंतर परत आली, झेरॉक्स काढून. चिकटवून ठेवलीयत. बाईंच्या अक्षरात कोपऱ्यात तारीख आणि सही.

२८ मार्च, मंगळवार

ताईला आज सांगितलं. वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे औषध चालत नाही."

"माहीत नाही, ताई. मला चाललेलं दिसलं, कारण मला दिसायला हवं होतं."

"मग गप्प बसायचं होतंस ना! तुला कुणी सांगितलं होतं तिथे खरं बोलायला? आणि इथे खोटं बोलायला?"

दोन्ही प्रश्नांत ती बरोबर होती. दार तिनं आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागलं.

५ एप्रिल, बुधवार

परत जुन्या विभागात. गुडघे, खांदे, कंबरा. एक आजोबा मला म्हणाले, "नजर चांगली आहे हो तुमची." मी त्यांचा गुडघा जरा जास्तच दाबला.

१६ एप्रिल, रविवार

ताई फोन उचलत नाही. आज बटणचाच आला.

"मावशी... आई तुझ्याशी बोलत नाही. पण मी... बोलते." मग एक लांब श्वास. "खालच्या तुकडीत गेले मी. इथे एक मुलगी आहे, ती माझ्याहून... हळू जेवते!"

"मैत्रीण झाली का?"

"झाली. मी तिची वाट बघते. मला कुणाची वाट बघायला... मिळतच नव्हती आधी."

मागून ताईचा आवाज आला, "कुणाशी बोलतेयस?" आणि बटण अगदी स्पष्ट, एका दमात म्हणाली, "राँग नंबर." या पोरीचं बोलणं जड झालंय म्हणतात!

९ मे, मंगळवार

जिन्यात सिस्टर भेटली. टेबल काढलं म्हणे, आता पाणी बाहेरच. माझ्या जागी नवीन कुणी आहे, लांबच्या शहरातलं. सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून पुन्हा बघतायत, चौकट आवळून, टेबल कापून. सिस्टरला कुणीतरी सगळं सांगितलं असावं. ती माझ्या दंडाला हात लावून गेली. मला ते सहन झालं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० मे, मंगळवार

आकडेमोड्या लांबून दिसला. मला बघून वळला.

११ जून, रविवार

ताईच्या घरापर्यंत गेले. वर गेले नाही. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून त्यांची खिडकी आतपर्यंत दिसते. बटणचं प्लास्टर निघालेलं दिसलं. ताई तिच्यासमोर बसली होती, हात मांडीखाली दाबून. बटण शर्ट घालत होती. मी शेवटच्या बटणापर्यंत थांबले. आता एका बटणाला सहा मिनिटं.

एवढ्या महिन्यांत मी कुणाचंच भलं केलं नाही. ताईचं नाही, बटणचं नाही, बाईंचं नाही. औषध गेलं असणार. पाकिटं उघडायची ती आता नुसती रीत म्हणून.

२२ जून, गुरुवार

पाकिटं उघडली. बाईंनी बोलावून स्वतः सांगितलं.

औषध चालतं. आजार थांबत नाही, पण पडझड निम्म्यानं कमी होते. पुढच्या टप्प्यात चौदा वर्षांपर्यंतची मुलं घेणार. सरबतावरच्या सगळ्यांनाही आता खरं औषध.

मी म्हणाले, "पण पेलावाली मुलं –"

"ती सरबतावर होती," बाई म्हणाल्या. "कडूपणा झाकायला दोन्हींत सारखाच पाक घातला होता. सरबतात झाकायला कडू काही नव्हतंच. गोडमिट्ट झालं होतं ते! पोरांचा घसा चिकटायचा." मग कागद माझ्यापुढे सरकवला. माझे गुण धरून आकडेमोड्यानं एकदा सरासरी काढून बघितली होती. दोन गटांतला फरक: शून्य.

म्हणजे कॅप्टन वर्षभर साध्या सरबतावर होती. ते सात, सातच होते.

ताईला फोन लावला, तिनं उचलला, "हॅलो" म्हणाली – आता कसं सांगू, की तिच्या लेकीचं औषध मीच बुडवत होते, आणि तेही तिच्या लेकीसाठी?